एक ताठ शिक्का

१

शिराहागी रुग्णालयाची माणसं माफी मागायला आली ती जांभळ्या कागदात बांधलेला मिठाईचा खोका घेऊन. खोका उराहामा गावातल्या सगळ्यांत महागड्या दुकानाचा होता. तो पाहूनच फुमिए इसोमुराच्या डोक्यात तिडीक गेली. पोरीचे बत्तीस दिवस गिळले आणि वर गोड घेऊन आले!

पुढे मॅनेजर हानावा होता. पन्नाशी उलटलेला, काळा सूट, कडक इस्त्रीचा. त्याच्या मागे सुगे नावाची कारकून मुलगी, जेमतेम पंचविशीची, डोळे सुजलेले. दोघांनी चटईवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले.

"इसोमुरा-सान, आमच्याकडून अक्षम्य चूक झाली," हानावा चटईकडे बघतच म्हणाला.

"कोणाकडून?"

"आमच्या कार्यालयाकडून."

"कार्यालयाला हात नसतात, हानावा-सान. कोणाच्या हातून झाली ते सांगा."

हानावाने मान किंचित मागे वळवली. मागून सुगेचा बारीक आवाज आला, "माझ्या."

फुमिएने खोका बाजूला सारला. बोलली असती तर ओरडली असती, आणि शेजारच्या बाई भिंतीला कान लावूनच बसलेल्या असतात.

नागिसा तिची भाची, तेवीस वर्षांची. भाऊ-भावजय गेल्यावर सात वर्षांची होती तेव्हापासून आत्याकडेच वाढलेली. सहलीच्या बसवर गाईड होती. हातात छोटं निशाण घेऊन दिवसभर बोलायचं, वर घरी येऊन पुन्हा बोलायचं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. ताप उतरला आणि झोप उडाली. मग ती सांगायला लागली की बसमधले सगळे प्रवासी मेलेले आहेत, फक्त उतरायचे विसरलेत. चौथ्या दिवशी तिने आरशावर किटली फेकली. तीस तारखेला फुमिएने तिला शिराहागीच्या मनोरुग्णालयात नेलं. संचालक डॉक्टर ताकेबे यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, स्किझोफ्रेनिया. दाखल करायच्या संमतीवर फुमिएने सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला. त्याच संध्याकाळी नागिसाला पलंगाला बांधलं.

आठवड्यातून एकदा तिथे येणाऱ्या एका तरुण डॉक्टरला मात्र शंका आली. त्याने पाठीच्या कण्यातलं पाणी काढून विद्यापीठात पाठवलं. दहा नोव्हेंबरला टपालाने रिपोर्ट आला. मेंदूला सूज होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उठली होती. या आजारावर औषध आहे. फक्त ते लवकर मिळावं लागतं.

आणि तो रिपोर्ट नाहीसा झाला. बारा डिसेंबरला विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहज फोन करून विचारलं, "ती मुलगी कशी आहे आता?" तेव्हा शोधाशोध झाली. तोवर नागिसाला झटके यायला लागले होते. आता ती मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होती आणि तिचा श्वास यंत्र घेत होतं.

"सुगेने रिपोर्टला चिठ्ठी लावली, आपला शिक्का मारला आणि वर पाठवायच्या ऐवजी दुसऱ्याच रुग्णाच्या फायलीत ठेवला," हानावा म्हणाला. "वर कोणालाच काही कळलं नाही. ही त्या चिठ्ठीची रंगीत प्रत. सुगे महिनाअखेर राजीनामा देते आहे. आणि हा कागद... माफी स्वीकारली, यापुढे चौकशी नको, अशा अर्थाचा. आपला शिक्का मिळाला तर..."

फुमिएने प्रत उचलली. चिठ्ठीवर शिक्क्यांसाठी तीन चौकोन होते. डावीकडे संचालक, मध्ये मॅनेजर, उजवीकडे कारकून. पहिले दोन कोरे. तिसऱ्यात सुगेच्या नावाचा लाल गोल शिक्का, तारीख दहा नोव्हेंबर.

नगरपालिकेत छत्तीस वर्षं शिक्के नोंदवायच्या खिडकीवर बसून फुमिएने हेच केलं होतं. माणसाचा चेहरा बघायचा नाही, शिक्का बघायचा. हा शिक्का पाहून तिच्या मनात काहीतरी टोचलं.

"बुधवारी मी तिकडे येते," ती म्हणाली. "डॉक्टर ताकेबे समोर असतील तेव्हा बघू शिक्क्याचं. आणि तो खोका घेऊन जा."

दार लागताच तिने कपाटातून आपलं जुनं भिंग काढलं.

२

तिथल्या कचेऱ्यांत एक रीत आहे. कागदावर साहेबाचा चौकोन सगळ्यांत डावीकडे असतो. म्हणून खालच्या माणसाने आपला शिक्का डावीकडे जरासा कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. जितका खालचा माणूस तितका कल जास्त. कोणत्याही नियमात हे लिहिलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीतरी कानात सांगतं आणि मग हाताला वळणच पडतं. फुमिए या प्रकाराला आयुष्यभर हसली आणि छत्तीस वर्षं निमूट कलता शिक्का मारत राहिली.

भिंगाखाली सुगेचा शिक्का खांबासारखा ताठ उभा होता.

फुमिएने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. दर शनिवारी ती नागिसाचे धुतलेले कपडे शिराहागीत नेऊन द्यायची आणि कार्यालयातून पावती मिळायची. सहा शनिवार, सहा पावत्या. सगळ्यांवर सुगेचा शिक्का. तिने त्या ओळीने मांडल्या.

सहाच्या सहा डावीकडे कलत्या होत्या. पावतीवर साहेबाचा चौकोनसुद्धा नसतो, तरी पोरीचा हात वाकलेलाच होता.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. बावीस नोव्हेंबरपर्यंतच्या पावत्यांवर शिक्क्याची गोल कड अखंड होती. एकोणतीस तारखेच्या पावतीवर खाली उजव्या बाजूला कडेचा टवका उडालेला होता. सहा डिसेंबरच्या पावतीवरही तसाच.

दहा नोव्हेंबरच्या चिठ्ठीवरही तोच टवका होता.

म्हणजे दहा तारखेला मारलेल्या शिक्क्याला बावीस तारखेनंतर उडालेला टवका आधीच पडला होता. फुमिए स्वयंपाकघरात गेली, ग्लासभर पाणी प्यायली, परत आली आणि पुन्हा पाहिलं. टवका जागच्या जागी होता.

"हरामखोर," ती पावत्यांना म्हणाली. हा शब्द तिने नोकरीत कधी वापरला नव्हता.

३

मंगळवारी सकाळी बसस्थानकासमोरच्या नूडल्सच्या दुकानात तिने सुगेला बोलावलं. सुगे आली आणि बसायच्या आधी तीनदा वाकली.

"पुरे झालं. मान मोडेल," फुमिए म्हणाली. "खा आधी. तुझ्या शिक्क्याची कड कधी तुटली?"

सुगेने भांबावून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? सव्वीस नोव्हेंबरला. डॉक्टरांसाठी चहा करत होते, खिशातून फरशीवर पडला."

"तारीख कशी लक्षात राहिली?"

"त्या दिवशी माझा वाढदिवस होता."

"आणि तू शिक्का ठेवतेस कुठे?"

"टेबलावरच्या डबीत. सगळेच ठेवतात."

"दहा नोव्हेंबरचा तो रिपोर्ट. वर पाठवलास की नाही?"

सुगेने काड्या खाली ठेवल्या. "आठवत नाही. दिवसाला चाळीस कागद असतात. मला वाटलं होतं पाठवला. पण हानावा-सान म्हणाले, नाही पाठवलास. मग नसेलच पाठवला." तिने वाडगा बाजूला सरकवला. "मी रोज झोपताना आठवायचा प्रयत्न करते, इसोमुरा-सान. तुमच्या मुलीला मी... माझ्या हातून..."

फुमिएला आता या पोरीचाही राग आला. वर बसलेल्याने सांगितलं म्हणून स्वतःच्या आठवणीवर पाणी सोडायचं, हे कोणी शिकवलं हिला? मग तिला स्वतःचीच छत्तीस वर्षं आठवली. तिने आपल्या वाडग्यातला अंड्याचा तुकडा सुगेच्या वाडग्यात टाकला.

दुपारी ती आगगाडीने विद्यापीठाच्या शहरात गेली. तिथल्या कँटीनमध्ये डॉक्टर कुजे भेटला. एकतिशीचा, दाढी वाढलेली, समोरचा करीभात निवून गेलेला. नागिसाच्या पाठीतून पाणी काढणारा तोच.

"शिव्या द्यायला आलात ना?" तो म्हणाला. "द्या. हक्क आहे तुमचा."

"देईन. आधी उत्तरं द्या. रिपोर्टची चौकशी का नाही केलीत?"

"दोनदा केली! मॅनेजर म्हणाले, अजून आला नाही. तिथे बाहेरून आलेला कागद आधी वर जातो, संचालकांचा शिक्का घेतो आणि मग खाली येतो. ज्या डॉक्टरने मागवला त्याच्या हातात थेट पडतच नाही. मग अठरा तारखेला फोन आला की पुढच्या आठवड्यापासून येऊ नका. मोठ्या डॉक्टरांना न विचारता सुई टोचली, हा माझा गुन्हा. त्यानंतर मी त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही."

"तिला पाहून तुम्हाला शंका का आली?"

"आधी ताप. मग आठवड्याभरात चांगली बोलती मुलगी पार बदलली. घरात पूर्वी कोणाला काही नाही. आणि तोंडात घास नसताना ती सारखी चावत होती, जीभ बाहेर काढत होती. नाडी कधी धावायची, कधी मंदावायची." तो पुढे झुकला. "बाहेरून वेड दिसतं, आतून मेंदूला सूज असते. तरुण बायकांमध्ये कधीकधी अंडाशयात छोटी गाठ असते. शरीर त्या गाठीशी लढायला जातं आणि तेच हत्यार मेंदूवर चालवतं. शोधलं तर सापडतं. शोधायचंच नसेल तर ती फक्त एक वेडी पोरगी."

नागिसाच्या पोटात तशी गाठ सापडली होती. शुक्रवारी शस्त्रक्रिया होती.

"तुमचा शिक्का बघू," फुमिए म्हणाली.

त्याने खिशातून पेनासारखा स्वस्तातला शिक्का काढला आणि कागदी रुमालावर दाबला. ताठ उमटला. "तिथे मला सांगायचे, कलता मारा. मी म्हणायचो, शिक्क्याला पाठीचं दुखणं आहे का?"

फुमिएला हसू आलं नाही. ताठ शिक्का मारणारा एक इथे सापडला होता खरा. पण तो अठरा तारखेला गेला आणि टवका उडाला सव्वीसला.

ती उठायला लागली तेव्हा कुजे दबक्या आवाजात म्हणाला, "आणखी एक आहे. सहा नंबरच्या खोलीतली आशिदा-सान. चौतीस वर्षांची, एका लहान मुलीची आई. सप्टेंबरात मी तिचंही पाणी पाठवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं, काही निघालं नाही. कागद मी पाहिलेला नाही."

फुमिएला ती आठवली. नागिसाच्या शेजारची खोली. दाराच्या काचेतून दिसायची. मनगटं बांधलेली, आणि रिकामं तोंड चावत असलेलं.

"मग फोन करा ना विद्यापीठात! इथेच तर आहे!"

"केला. ज्या रुग्णालयाने तपासणी मागवली त्यालाच ते सांगतात. मी आता तिथला कोणी नाही."

परतीच्या गाडीत फुमिएने हातपिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. चूक कारकुनीची ठरली की प्रकरण मिटलं, मग वरचा कोणताही खण कोणी उघडणार नाही. तिने त्या कागदावर शिक्का मारला तर सहा नंबरचं दार कायमचं बंद होणार होतं.

४

डॉक्टर ताकेबेंच्या खोलीत सगळं नीटनेटकं होतं. सत्तरीचा माणूस, पांढरे केस, शांत आवाज. बापाने काढलेलं रुग्णालय त्यांनी चाळीस वर्षं चालवलं होतं.

"तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले.

"बरं," फुमिए म्हणाली. "मी शिक्का मारीन. पण चूक कशी झाली ते या कागदावर मांडलंय, त्यावर तिघांचेही शिक्के हवेत. दोन प्रती आहेत. एक तुम्हाला, एक मला."

ताकेबेंनी कागदावरून नजर फिरवली. सुगेने चिठ्ठी लावली, सुगेने चुकीच्या फायलीत ठेवली. सगळं त्यांच्याच सोयीचं होतं. खाली तीन चौकोन, डावीकडून उजवीकडे.

"सुगेला बोलवू का?" हानावाने विचारलं.

"कशाला? रडत बसेल. तिचा शिक्का आणा."

हानावाने डबी आणली. पहिल्या प्रतीवर त्याने आधी आपला शिक्का मारला, कलता. मग सुगेचा उचलला आणि मारला, आणखी थोडा कलता. तो इतका जपून मारत होता की दोन शिक्क्यांना दोन मिनिटं लागली. प्रत पुढे सरकवली, त्यावर ताकेबेंनी आपला शिक्का टेकवला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

"द्या इकडे, हानावा-कुन. अकराला माझी बैठक आहे."

दुसऱ्या प्रतीवर तिन्ही शिक्के त्यांनी स्वतःच मारले. टक, टक, टक.

फुमिएने दोन्ही प्रती आपल्याकडे ओढल्या. पिशवीतून भिंग, सहा पावत्या आणि ती रंगीत प्रत काढून टेबलावर मांडली. आपला शिक्का काढलाच नाही.

"हे काय चाललंय?" ताकेबे म्हणाले.

"छत्तीस वर्षं जे केलं तेच. सुगेच्या शिक्क्याची कड सव्वीस नोव्हेंबरला तुटली. बावीसची ही पावती, कड अखंड आहे. एकोणतीसची ही, तुटकी. आणि दहा नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर कड तुटकीच आहे. म्हणजे ही चिठ्ठी दहा तारखेची नाही. सव्वीसनंतर कोणीतरी बसून नवी तयार केली, जुनी तारीख घालून."

"सुगेनेच केली असेल. चूक लपवायला."

"सुगेला लपवायचं असतं तर तिने स्वतःचं नाव कशाला ठेवलं असतं? ज्याला जुन्या चिठ्ठीवरचे वरचे शिक्के लपवायचे होते त्यालाच नवी चिठ्ठी लागली." फुमिएने भिंग त्यांच्याकडे सरकवलं. "आणि हा शिक्का बघा. ताठ आहे. सुगे ताठ शिक्का मारत नाही, कपड्यांच्या पावतीवरसुद्धा नाही. हानावा-सान मारत नाहीत. आत्ता तुमच्यासमोर दुसऱ्याचा शिक्का धरला तरी त्यांचा हात वाकला. डॉक्टर कुजे ताठ मारतात, पण ते आठ दिवस आधीच हाकलले गेले होते."

तिने दुसरी प्रत उचलली. त्यावर तीन शिक्के शेजारी शेजारी होते, तिन्ही ताठ.

"या इमारतीत एकाच माणसाने कधी कोणापुढे शिक्का कलता केलेला नाही, सेन्सेई. कारण त्याच्या डावीकडे कधी कोणी नव्हतंच. कारकुनाचा शिक्का वाकवायचा असतो, हे तुमच्या हाताला ठाऊकच नाही."

हानावा भिंतीला टेकला.

ताकेबेंचा चेहरा हलला नाही. आवाज मात्र आणखी मऊ झाला, आणि तोच फुमिएला सगळ्यांत भयंकर वाटला. "इसोमुरा-सान, झोप येते का तुम्हाला? धक्का बसला की माणूस बारीकसारीक खुणांमध्ये अर्थ शोधू लागतो. आपल्याविरुद्ध कट चाललाय असं वाटतं. एवढा राग हे चांगलं लक्षण नाही. तुमच्या कुटुंबात तसंही..."

"दहा मिनिटं झाली का?" फुमिए म्हणाली.

"काय?"

"नागिसाला तुम्ही दहा मिनिटं पाहिलंत. मला पाहायला लागून अजून दहा झाली नसतील. निदान तेवढं तरी करा!" आता ती ओरडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. "मी रागावलेय कारण तुम्ही रागावण्यासारखं केलंय! याला आजार म्हणत नाहीत! माझी पोर म्हणत होती, डोक्यात आग लागलीये. खरोखर लागली होती! ते कागदावर लिहून तुमच्या टेबलावर आलं, आणि तुम्ही बत्तीस दिवस तिला बांधून ठेवलंत!"

दार उघडलं. सुगे उभी होती. तिने बाहेरून सगळं ऐकलं होतं, बहुधा सगळ्या मजल्यानेच ऐकलं होतं.

"मी पाठवला होता का?" तिने हानावाला विचारलं. "हानावा-सान, खरं सांगा. मी पाठवला होता का?"

हानावा भिंतीपासून बाजूला झाला. "पाठवला होतास," तो शेवटी म्हणाला. "माझा शिक्का घेऊन त्याच दिवशी वर गेला. खाली आला नाही. बारा डिसेंबरला मी विचारलं तेव्हा सेन्सेई म्हणाले, कारकुनाची चूक असेल. मी... मी हो म्हणालो."

सुगे रडली नाही. तिने ओठ घट्ट दाबले आणि हिशोब जुळवत असल्यासारखी क्षणभर उभी राहिली. "मग सप्टेंबरातलं पांढरं पाकीटसुद्धा मी पाठवलंच होतं," ती म्हणाली. "तेही विद्यापीठातूनच होतं. सहा नंबरच्या आशिदा-सानचं. ते माझ्याकडे परत आलेलं नाही. मला वाटलं, तेही मीच कुठे हरवलं असेल."

 फुमिए ताकेबेंच्या टेबलाच्या उजव्या खणाकडे बघत होती. कारण सुगे 'सप्टेंबर' म्हणाली तेव्हा डॉक्टरांची नजर तिकडेच गेली होती.

"शिक्का मारलेला कागद आपल्याकडे कोणी फाडत नाही," ती म्हणाली. "हातच होत नाही. लपवतात, पण फाडत नाहीत. हानावा-सान, किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"हानावा-कुन," ताकेबे म्हणाले. "बस खाली."

हानावा बसला नाही. त्याने खण उघडला.

वरच चिठ्ठी होती, दहा नोव्हेंबरची, नागिसाची. सुगेचा अखंड कडेचा शिक्का कलता, हानावाचा कलता, डावीकडे ताकेबेंचा ताठ. तिच्याखाली पांढरं पाकीट, एकोणीस सप्टेंबर. तेच तीन शिक्के त्याच तऱ्हेने उमटलेले. हानावाने आतला कागद उलगडला, वाचला आणि फुमिएकडे दिला. नागिसाच्या रिपोर्टवर होता तोच शब्द तिथे होता.

"चाळीस वर्षं मी माणसं बघतोय," ताकेबे म्हणाले. आवाज प्रथमच खरखरला. "चाळीस वर्षं! कालचा पोरगा सुई घेऊन येतो आणि मला सांगतो की माझं निदान चुकलं? एकदा चुकतं, मान्य. पण दोन महिन्यांत दोनदा? मग लोक म्हणतील आधीच्या सगळ्यांना तपासा. तीस, चाळीस, किती जणांना?"

"हो," फुमिए म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

सुगे केव्हाच बाहेर गेली होती. कॉरिडॉरमध्ये ती फोनवर मोठ्याने सांगत होती, "रुग्णवाहिका पाठवा. सहा नंबर. नाही, वरून परवानगी घेतलेली नाही. मी सांगतेय म्हणून पाठवा."

५

शुक्रवारी सकाळी मोठ्या रुग्णालयात फुमिएला शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद मिळाला. नागिसा अजून डोळे उघडत नव्हती. दोन खोल्या सोडून आशिदा-सान होती. तिला बुधवारी रात्रीच औषध सुरू झालं होतं, आणि तिची मुलगी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. तीन महिने उशीर झाला होता. या तीन महिन्यांचं काय होणार, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

फुमिएच्या पिशवीत आणखी एक कागद होता. तीस ऑक्टोबरच्या संमतीची प्रत. रात्रभर तो तिने पुन्हा पुन्हा पाहिला होता. डावीकडे ताकेबेंचा शिक्का आणि उजवीकडे, नातेवाइकाच्या चौकोनात, तिचा स्वतःचा. नीट, व्यवस्थित, पंधरा अंश डावीकडे झुकलेला. त्या दिवशी तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पोर आत किंचाळत होती आणि हिचा हात नमस्कार करत होता. एकही प्रश्न विचारला नव्हता तिने.

"इथे, इसोमुरा-सान," शल्यचिकित्सक बाईंनी चौकोन दाखवला. बाहेर स्ट्रेचर तयार होतं.

"थांबा," फुमिए म्हणाली. "आधी वाचते."

तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबली. "गाठ काढल्यावर सूज किती दिवसांत उतरेल?"

"आठवडे लागतील. कदाचित महिने."

"ती पुन्हा बोलेल?"

"पुष्कळ जण बोलतात. खात्री नाही देता येत. लवकर आली असती तर..." बाई थांबल्या.

"तर काय? बोला. मला खरं ऐकायचंय."

"तर शक्यता जास्त होती."

फुमिएने मान हलवली. आणखी चार प्रश्न विचारले. बाईंनी चारही उत्तरं दिली, एकदाही घड्याळाकडे न बघता. मग फुमिएने शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला आणि कागदावर आणला. हात सवयीने डावीकडे वळला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, सरळ केलं आणि सगळा भार देऊन शिक्का दाबला.

तो ताठ उमटला. तिने शाई वाळेपर्यंत कागद सोडला नाही.

"आता न्या तिला," ती म्हणाली, आणि स्ट्रेचरच्या मागे दारापर्यंत चालत गेली.